नाल्यापलीकडचं लेकरू

आमच्या गाडीला गावोगावी ‘डोक्याची गाडी’ म्हणतात. म्हणून आम्ही ती कुणाच्या दारात उभी करत नाही. शाळेजवळ किंवा हातपंपाजवळ लावतो आणि पुढे पायी जातो. गाडीत आम्ही तिघं असतो: चालक भाऊ, मानसिक आजाराच्या रुग्णांची शुश्रूषा शिकलेले ब्रदर आणि मी. डॉक्टर जिल्ह्याच्या दवाखान्यात असतात. त्यांच्यामागे ओपीडीची रांग असते, त्यामुळे ते बहुतेक वेळा फोनवरच भेटतात. तेही टॉवर असला तर.

माझा हुद्दा केस मॅनेजर. मी ब्रह्मपुरीकडची. घरी आईला हे काम काय ते समजावताना मी एवढंच सांगते, की डॉक्टर आजार बघतात, ब्रदर गोळ्या-इंजेक्शनं बघतात आणि उरलेलं माझ्याकडे येतं. रोज हातावर गोळी कोण ठेवणार, दवाखान्यात सोबत कोण राहणार, तोवर घरच्या बकऱ्या कोण चारणार, हे सगळं त्या उरलेल्यात येतं. आई म्हणते, मग कठीण काम तुझ्याकडेच आहे की. मला तसं वाटत नाही. कठीण आहे ती भीती. इतकी वर्षं झाली, तरी गाडी डांबरी रस्ता सोडून जंगलात वळली की ती येतेच. उशीर झाला असेल असं वाटतं, आणि त्याच वेळी असंही वाटतं, की हा रस्ता अजून थोडा लांब असता तर बरं झालं असतं.

ही गोष्ट अहेरीच्याही पुढच्या एका गावातली. मोहाची फुलं पडायला सुरुवात झाली होती. सकाळी मी कार्यालयात नुकती येऊन बसले होते, तेवढ्यात त्या गावच्या आशाताईचा फोन आला. ही बाई उगाच फोन करणाऱ्यांतली नव्हती. ती म्हणाली, एक बाळंतीण आहे, पहिलंच लेकरू, मुलगा. दोन आठवडेही झाले नाहीत. चार-पाच रात्री तिनं डोळ्याला डोळा लावलेला नाही. अंगणात फेऱ्या मारते, स्वतःशी बोलते. लेकरू बदललं म्हणते. काल दिवस मावळताना सासूनं तिला नाल्याच्या वाटेवर गाठलं. लेकरू पदरात होतं. कुठे चाललीस विचारलं, तर म्हणाली, ज्याचं आहे त्याला परत द्यायला.

मी विचारलं, लेकरू आता कुणाकडे आहे? सासूकडे. आणि ती? खोलीत. बाहेरून दोरी बांधलीय. उद्या सकाळी तिला डोंगरापलीकडच्या पुजाऱ्याकडे नेणार आहेत.

मी डॉक्टरांच्या खोलीत गेले, तर ते एका म्हाताऱ्याला तपासत होते. मी दारातूनच सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. एरवी ते मला बसायला सांगतात, चार प्रश्न विचारतात. त्या दिवशी म्हणाले, “आजच आणा. दोघांनाही. बाळंतपणानंतरच्या या आजारात वाट बघायची नसते.” मग त्यांनी कोणती गोळी द्यायची ते ब्रदरांना सांगितलं. त्या एका गोळीनं दुधाला काही होणार नाही, दूध तोडू नका, म्हणाले. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “पण बाळ तिच्या एकटीच्या हातात एक मिनिटही द्यायचं नाही.”

आष्टी ओलांडली आणि पुढे लोहखनिजाच्या ट्रकांच्या रांगेत आमची गाडी अडकली. धुळीनं झाडांची पानं लाल झाली होती. चालक भाऊ फार बोलत नाहीत. त्यांनी दोनदा उतरून पुढे जाऊन पाहिलं आणि परत येऊन नुसती मान हलवली. मी आशाताईला फोन लावत होते. लागत नव्हता. आता तिथे काय चाललं असेल याची चित्रं डोक्यात येत होती. दोरी सुटली. सासूचा डोळा लागला. नाल्याला या दिवसांत पाणी किती असेल? मार्च आहे, गुडघाभर असेल. मग वाटलं, एवढ्याशा जिवाला गुडघाभर लागतं कुठे? ब्रदर पुढच्या सीटवरून वळून म्हणाले, “ताई, पानी प्या.” बाटली माझ्या हातात होती. झाकणही उघडलेलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावरून कलायला लागलं होतं. गाव रिकामं होतं, सगळे मोहफुलं वेचायला गेलेले. आशाताई आम्हाला घरी घेऊन गेली. ओसरीवर सासू बसली होती. जुन्या लुगड्याच्या धडप्यात लेकरू गुंडाळलेलं, शेजारी वाटीत गाईचं दूध. कापसाची वात भिजवून ती लेकराच्या ओठांना लावत होती. सासरा खांबाला टेकून उभा होता. त्यांच्या घरात गोंडी बोलतात. आमच्याशी ते इकडच्या झाडीपट्टीतल्या मराठीत बोलले.

मी रामराम करून खाली बसले. ब्रदरांनी आधी लेकराला पाहिलं. ओठ कोरडे होते. टाळू खोल गेली होती. चिमटीत धरून सोडलेली कातडी लगेच खाली बसत नव्हती. “अंगातलं पानी आटलं याच्या,” ब्रदर म्हणाले. सकाळपासून मी एकाच धोक्याची काळजी करत होते. आता दोन झाले.

दोरी सोडून मी आत गेले. दार उघडंच ठेवलं आणि दारात आशाताईला बसवलं. खोलीत ती भिंतीला टेकून उभी होती. विशीचीही नसेल. केस मोकळे, पोलकं दुधानं भिजून अंगाला चिकटलेलं. मला पाहून तिनं पदर सारखा केला आणि विचारलं, “जेवल्या का म्याडम?” इतक्या साध्या आवाजात, की क्षणभर मला वाटलं, आशाताईचं काहीतरी चुकलं असावं.

मी सांगितलं, मी दवाखान्यातून आलेय, तुला झोप नाही म्हणून कळलं. ती म्हणाली, झोपायला वेळ नाही. मग हळूच जवळ आली. “बाहेर सासूपाशी हाये ना, ते माहं नोय. माहं नाल्यापलीकडं हाये. मले आवाज येते त्याचा.”

तिला हो म्हणायचं नसतं आणि नाहीही म्हणायचं नसतं. हे आम्हाला शिकवलेलं असतं, पण तिथे उभं राहून ते करायचं म्हणजे दोन दगडांवर पाय ठेवून नदीत उभं राहण्यासारखं असतं. मी विचारलं, तुला भीती वाटते का? तिनं मान डोलावली. मग मी जे विचारायलाच हवं ते विचारलं. हा प्रश्न विचारताना माझा आवाज दर वेळी बारीक होतो. “आवाज तुले काही कर म्हनतेत का? त्या लेकराचं?”

ती कोपऱ्यातल्या मडक्याकडे बघत म्हणाली, “पान्यात सोड म्हनतेत. मंग माहं इकडं येईन.”

दारात आशाताईनं तोंडावर हात ठेवला.

बाहेर सासऱ्याशी बोलणं सोपं नव्हतं. तो दुष्ट माणूस नव्हता. त्याच्या लेखी सुनेला बाहेरचं लागलं होतं आणि बाहेरच्यावर इलाज पुजाऱ्याकडे होता. दवाखान्यात एकदा नेलेलं माणूस कधी परत येतं, कसं येतं, हे त्यानं पाहिलेलं होतं. त्याचा मुलगा तेलंगणात मिरची तोडायला गेलेला. तो नसताना सून घराबाहेर कशी पाठवायची, लोक काय म्हणतील? मी पुजाऱ्याच्या विरोधात एक शब्द बोलले नाही. पुजाऱ्याचं करा, म्हटलं, पण आल्यावर करा. आज दोघांना न्यायलाच हवं. तो ऐकून घेत होता आणि मान हलवत होता. ती मान होकाराची नव्हती.

शेवटी ठरलं, मुलाला विचारायचं. टॉवर शाळेमागच्या टेकाडावरच मिळतो. सासरा, आशाताई आणि मी वर चढलो. ब्रदर खाली थांबले. फोन लागेना. पुन्हा लावला, पुन्हा. सूर्य खाली जात होता, आणि मी मनात परतीचा रस्ता मोजत होते. ट्रकांची रांग अजून तिथेच असेल तर? लागला तेव्हा पलीकडून खूप बायामाणसांचा गलका येत होता. सासरा गोंडीत बोलला. मग त्यानं फोन माझ्याकडे दिला. मी सांगायला सुरुवात केली, तर त्या मुलानं मध्येच विचारलं, “लेकरू जिवंत हाये ना?”

“हाये,” मी म्हटलं. “पन दूध नाई पोटात.”

“ती?”

“तीबी हाये.”

“मंग घेऊन जा म्याडम. माह्या बाले म्हना, मी सांगितलं.”

आम्ही खाली आलो तर सासूनं गाठोडं बांधून ठेवलेलं. लेकराची फडकी, एक चादर, थोडे तांदूळ. तिनं आमच्या फोनची वाट पाहिलीच नव्हती. नवऱ्याला ती गोंडीत काहीतरी बोलली आणि मला म्हणाली, “मी येतो संगं.” सासऱ्यानं अडवलं नाही. त्याची एकच मागणी होती, पुजाऱ्याकडून आधीच आणलेला काळा दोरा सुनेच्या मनगटावरून कुणी काढायचा नाही. मी म्हटलं, नाही काढणार, दवाखान्यातही सांगते.

गोळी घ्यायला ती तयार नव्हती. पाण्यात काही घातलंय म्हणाली. मी तिच्यासमोर त्याच लोट्यातलं पाणी प्यायले. तिनं माझा गळा हलताना नीट पाहिला आणि मग घेतली. गाडीकडे येताना वाटेत नाला लागतो. मी तिच्या डाव्या अंगाला, आशाताई उजव्या अंगाला. नाल्यापाशी ती थांबली आणि पलीकडे कान देऊन उभी राहिली. आम्हीही थांबलो. ओढायचं नाही, हे आमच्यात न बोलता ठरलेलं होतं. थोड्या वेळानं तीच चालायला लागली.

गाडीत मधल्या सीटवर ती, तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आशाताई. मागच्या सीटवर लेकराला घेऊन सासू. अर्ध्या तासानं लेकरू रडायला लागलं. सासूनं वात लावली, ते घेईना. रडणं वाढलं, तसं माझ्या शेजारी तिचं पोलकं पुन्हा भिजायला लागलं. तिचं त्याकडे लक्ष नव्हतं. ती खिडकीबाहेर बघत होती. मग रडणं कमी झालं. बाहेरच्या कुणाला बरं वाटलं असतं. ब्रदर मात्र गाडी थांबवून मागच्या दाराशी गेले, त्यांनी लेकराच्या तळपायाला टिचकी मारली आणि म्हणाले, “ताई, लेकरू मंद पडून राह्यलं.”

पुढे ट्रकांचे लाल दिवे दिसत होते. रांग जागची हलत नव्हती. सगळ्यात जवळचा दवाखाना त्या रांगेच्या पलीकडे. डॉक्टरांना फोन लावला, टॉवर नव्हता. ब्रदरही लावत होते, त्यांचाही नाही. मी ब्रदरांकडे पाहिलं. ते म्हणाले, “तुमी म्हनाल तसं.” हे वाक्य मला अजूनही आवडत नाही, पण त्या वेळी दुसरं कुणी काय म्हणणार होतं?

दूध होतं, हातभर अंतरावर. ज्या हातांत ते लेकरू द्यायचं नव्हतं, त्याच हातांपाशी होतं. डॉक्टर म्हणाले होते, एकटीच्या हातात नाही. ‘एकटीच्या’ हा शब्द मी किती वेळा मनात उलटसुलट केला असेल. मग आशाताईला मागे जायला सांगितलं आणि सासूला तिच्या जागी पुढे बोलावलं. आता ती आम्हा दोघींच्या मध्ये होती.

मी तिला म्हटलं, “ऐक. हे लेकरू उपाशी हाये. तू पाजतेस का?”

“माहं नोय ते.”

“कोनाचं बी असो. उपाशी हाये.”

तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं, की मला वाटलं आपण चूक केली. मग तिनं पोलक्याची बटणं काढली.

लेकराचं डोकं माझ्या तळहातावर होतं, बूड सासूच्या हातात. माझा दुसरा हात मी त्याच्या मानेपाशी ठेवला होता, तिची बोटं आणि ती मान यांच्या मध्ये. चालक भाऊंनी खिडकीला आपला टॉवेल लावला आणि समोर बघत बसले. ब्रदरांनीही मान वळवली. पहिल्यांदा त्याला धरता आलं नाही. सासूनं तिच्याच दुधाचा थेंब त्याच्या ओठावर पिळला. मग धरलं. गिळण्याचा आवाज आला. इतका बारीक आवाज, पण गाडीत दुसरा आवाजच नव्हता.

मला बरं वाटलं नाही. वाटलं असं लिहायला सोपं आहे, पण वाटलं नाही. तिचा हात उचलला गेला आणि लेकराच्या पाठीवर आला. बोटं पसरली, मिटली, पुन्हा पसरली. ती कुरवाळते आहे की चाचपते आहे, मला कळत नव्हतं. तिच्या ओठांची हालचाल चालू होती. कुणाला तरी उत्तर देत होती. मी तिच्या बोटांवरची नजर काढली नाही. माझ्या मनगटाला पेटके आले, तरी हात तसाच ठेवला. सासूनं डोळे मिटून घेतले होते, पण तिच्या हाताच्या शिरा ताठ दिसत होत्या.

लेकरानं तोंड सोडलं तेव्हा त्याच्या गालावरून दूध ओघळलं. ती म्हणाली, “झालं. आता ज्याचं हाये त्याले देऊन द्या.”

सासूनं त्याला घेतलं आणि पदराखाली लपवलं. पुढे ट्रकांची रांग हलायला लागली.

जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टर थांबले होते. लेकराला लगेच नवजात बालकांच्या कक्षात नेलं, तिला वरच्या मजल्यावर वॉर्डात. मी त्यांना सगळं सांगितलं, गाडीतलंही. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, “हात काढला नव्हता ना?” मी नाही म्हटलं. “ठीक,” म्हणाले आणि वॉर्डाकडे गेले. घरी गेल्यावर मला जेवण गेलं नाही. ती बोटं जरा वर सरकली असती तर, हे वाक्य मी त्यानंतर कित्येक दिवस अर्धंच ठेवलं.

पुढचे दिवस मी दोन मजल्यांमध्ये खाली-वर करत होते. लेकरू आधी सावरलं. त्याचं वजन वाढायला लागलं. तिला सावरायला वेळ लागला. ती झोपायला लागली, मग खायला लागली. एकदा सकाळी मला म्हणाली, “माहं लेकरू कुठी हाये?” वॉर्डातल्या सिस्टर हसल्या, सासूच्या डोळ्यांना पाणी आलं. मी मात्र लगेच विश्वास ठेवला नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं पुन्हा लेकराचे कान तपासले, याचे कान असे नव्हते म्हणाली. मग परत काही दिवस बरे. तिला लेकरू भेटायचं ते कुणीतरी समोर बसलेलं असतानाच. तेलंगणातून नवरा आला. मिरचीनं त्याच्या हातांची इतकी आग होत होती, की तो लेकराला थेट हात लावत नव्हता, फडक्यावरून धरायचा. तो पलंगाशेजारी जमिनीवर बसून राहायचा. ती त्याला ओळखत होती, त्याच्याशी बोलत होती. एका दुपारी पाहिलं तर ती गाढ झोपलेली, लेकरू सासूच्या मांडीवर आणि नवरा त्या दोघांकडे आळीपाळीनं बघतोय.

त्यांना घरी सोडलं आणि माझं उरलेलं काम सुरू झालं. गोळी सासूनं द्यायची. आशाताईनं दर आठवड्याला डोकवायचं. पावसाळ्यात नाला भरला की गाव तुटतं, म्हणून गोळ्या आधीच पोचवून ठेवायच्या. दसऱ्याच्या सुमारास मी गेले तेव्हा लेकरू ओसरीवर रांगत होतं. ती धान निवडत होती. बाकीचे शेतावर गेले होते. तिनं हातातलं सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, “म्याडम, मी त्याले खरंच सोडलं असतं का पान्यात?”

मी म्हटलं, तू आजारी होतीस. तो आजार बोलत होता.

“ते डॉक्टरबी सांगतेत. मी इचारून राह्यलो, सोडलं असतं का?”

माझ्याकडे शिकवलेली बरीच उत्तरं होती. ती मी बाजूला ठेवली. मी म्हटलं, “मले नाई मालूम.”

तिनं मान डोलावली. सूप परत उचललं. थोड्या वेळानं म्हणाली, “मलेबी नाई.”

गेल्या वर्षी तिला पुन्हा दिवस गेले. पुढच्या बाळंतपणात हा आजार परत येऊ शकतो, हे डॉक्टरांनी त्या दोघांना आधीच सांगितलं होतं. ती स्वतः आशाताईकडे गेली, महिना चुकल्याबरोबर. बाळंतपण जिल्ह्याच्या दवाखान्यात करायचं ठरलं. डॉक्टरांनी औषधाची आखणी केली. या वेळी मुलगी झाली. मी रोज सकाळी कार्यालयात जायच्या आधी वॉर्डात जायची आणि तिला एकच विचारायची, झोप लागली का? ती हो म्हणायची आणि मी सासूकडे बघायची. सासूनंही हो म्हटलं, तरी सिस्टरांना विचारायची.

घरी जायच्या आदल्या दिवशी तिला माझा कंटाळा आला. मुलीला दुसऱ्या बाजूला घेत ती म्हणाली, “रात्री हे उठवते तवा उठतो म्याडम. पाजतो. मंग झोपतो. सगळ्या बाया असंच करतेत.”

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी निघाली. सासू खिडकीशी होती, मुलगी आईच्या मांडीवर. मी सासूला बाजूला घेऊन पुन्हा सगळं सांगितलं, कशाकडे लक्ष ठेवायचं, कधी फोन करायचा. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. गाडी वळणाआड गेल्यावर मी आशाताईला फोन लावला, आणि संध्याकाळी ते पोचल्यावर परत एकदा.